शहराबाहेरचे बेहाला

कोलकात्यास बदली झाल्यावर मी बेहाला येथे भाड्याने घर घेतले. त्याच सुमारास एका सांडपाणी योजनेचे टिपण लिहिताना सहज लिहून गेलो : "बेहाला हा शहराचा दक्षिणेकडील विस्तार होय." टिपण वाचून कार्यालयातील एक ज्येष्ठ बंगाली सहकारी हसले. म्हणाले, "साहेब, गाव जागच्या जागीच आहे. चालत आले ते शहर."

त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून होते. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे १३०० रुपयांना गेले, ते १० नोव्हेंबर १६९८ रोजी. तो व्यवहार झाला बेहालातल्या बडिशा गावी. ज्या तीन गावांतून पुढे महानगर उभे राहिले, त्यांचा कागद या चौथ्या गावात झाला!

पूर्वेस आदिगंगा, पश्चिमेस हुगळी आणि मधली जमीन सखल, अशी येथील रचना. पावसाचे पाणी साठवायचे ते तळ्यांनी. बंगालीत तळ्याला 'पुकुर' म्हणतात. ठाकुरपुकुर हे शेजारच्या वस्तीचे नावच त्याची साक्ष देते.

प्रशासनाने या गावांना निरनिराळ्या चौकटींत बसवले. आधी 'साउथ सबर्बन' नगरपालिका आली. तिच्या नावात बेहाला नव्हते, शहराच्या दक्षिणेस असणे एवढीच ओळख. १९८४ साली ती कोलकाता महापालिकेत विलीन झाली. पलीकडचे जोका २०१२ पर्यंत ग्रामपंचायतींकडे होते. मग तेही महापालिकेत आले. गावांना वॉर्डांचे क्रमांक मिळाले. आपल्याकडे पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे अशीच महापालिकेत आली, हे वाचकांना आठवत असेल.

समावेशाने नळ, दिवे आणि रस्ते येतात; ते यावयासच हवेत. परंतु गावाला आपल्या जमिनीविषयी जे ठाऊक असते, ते वॉर्डाच्या कागदांत आपोआप उतरत नाही. माझ्याच टिपणासोबतच्या नकाशात जलपर्णीने झाकलेले एक तळे 'मोकळी जागा' म्हणून दाखवले होते. मी जागेवर न जाता सही केली होती.

त्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी चढले. घरमालकीणबाई पायरीवर उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "पूर्वी हे पाणी कोपऱ्यावरच्या पुकुरात जायचे. तो बुजवला, तेव्हापासून ते आपल्याकडे येते." सकाळी कार्यालयात जाऊन मी पहिले काम केले ते नकाशा परत मागवण्याचे. ते तळे 'तळे' म्हणून नोंदवून घेतले.

तेव्हापासून कोणत्याही वस्तीविषयी टिपण लिहिण्यापूर्वी मी तेथील जुन्या माणसांना दोन प्रश्न विचारतो : या जागेला तुम्ही काय म्हणता? आणि पावसाचे पाणी कोठे जाते? त्यांची उत्तरे मिळाल्याखेरीज सही करीत नाही.