एरियलच्या पायथ्याची डबी

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांना सगळे रेडिओकाका म्हणतात. त्यांचा रेडिओ गाणी ऐकायचा नाही, बोलायचा आहे. त्याला हॅम रेडिओ म्हणतात. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, मग सरकारचे लायसन्स मिळते. त्यांच्या गच्चीवर २२ फूट उंच ॲल्युमिनियमचा पाइप उभा आहे. माझी आजी म्हणते, "कावल्यांना बसाला दांडी लावलीय!" पण ती दांडी नाही, एरियल आहे.

पाइप २२ फुटांचाच का? काकांनी मला भागाकार घालून दाखवला. त्यांचा रेडिओ २८ मेगाहर्ट्झवर बोलतो. ३०० ला २८ ने भागले की लाटेची लांबी मीटरमध्ये येते. ती आली सुमारे पावणेअकरा मीटर. तिचे आठ भाग करून पाच घेतले की होतात २२ फूट. तेव्हा मला कळले की भागाकार बाईंनी उगाच नाही शिकवला.

यंदाच्या पावसाळ्यात काकांचे बोलणे कुणाला नीट ऐकू जाईना. रेडिओ तर चांगला होता. काकांनी मीटर लावून पाहिले. काटा ३ वर गेला. काका म्हणाले, "१०० भाग ताकद पाठवली तर २५ भाग परत येतात. अशाने रेडिओ जळेल."

ताकद परत कशी येते? हे तुम्हीही करून बघा. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दुसरे टोक हातात धरून एक झटका द्या. दोरीवरून लाट जाते, गजाला आपटते आणि परत हाताकडे येते. केबल आणि एरियल यांचा मेळ नसला की तसेच होते. मेळ बसवायला पाइपाच्या पायथ्याशी एक डबी असते. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वेटोळ्याचे खालचे टोक जमिनीच्या तारेला, वरचे टोक पाइपाला, आणि केबलची मधली तार अधल्यामधल्या एका वेढ्याला जोडतात. ती कोणत्या वेढ्याला जोडायची, तिथेच सगळी गंमत आहे.

रविवारी पाऊस थांबला, ऊन पडले. तेव्हा आम्ही गच्चीवर गेलो. आभाळ गडगडत असेल तर एरियलजवळ जायचेच नाही, हा काकांचा पहिला नियम. डबी उघडली तर आत मुंग्यांचे वारूळ! तार हिरवीगार झाली होती आणि डाग सुटला होता. आपल्याकडे खाडीचा खारा वारा आहे, त्यात धो धो पाऊस. तांबे किती टिकणार? केबलच्या टोकात पण पाणी शिरले होते. आतली जाळी काळी पडली होती. काकांनी हातभर केबल कापून टाकली.

मी जुन्या वेटोळ्याचे वेढे मोजले. काकांनी तेवढेच वेढे नवीन तारेचे घातले. तारेची टोके मी पॉलिश पेपरने घासून लाल चकचकीत केली. काकांनी डाग दिला. मग ते खाली जाऊन रेडिओचे बटण दाबायचे आणि मी मीटरचा काटा वाचायचे. बटण दाबलेले असताना वेटोळ्याला हात लावायचा नाही, चटका बसतो. दर वेळी बटण सोडून काका वर यायचे, तार थोडी सरकवायचे आणि परत खाली जायचे. काटा ३ वरून २ वर आला. मग दीडवर आला. दीड म्हणजे १०० पैकी फक्त ४ भाग परत! मी टाळ्या वाजवल्या. डबीला खालून एक भोक ठेवले, म्हणजे पाणी साचणार नाही. वरून चिकटपट्टी गुंडाळली. संध्याकाळी कल्याणहून एका काकांचे उत्तर आले. आवाज खणखणीत होता.

एवढी खटपट कशाला, मोबाईल आहे की, असे माझा भाऊ म्हणतो. पण ३ जून २०२० ला आपल्या रायगड जिल्ह्यात निसर्ग चक्रीवादळ आले. माझी आत्या श्रीवर्धनला असते. तिकडे विजेचे खांब पडले, मोबाईल बंद झाले. चार दिवस तिचा निरोप नाही. बाबा नीट जेवत नव्हते, असे आई सांगते. मग कळले की पत्रे उडाले, पण माणसे बरी आहेत.

मी काकांना विचारले, "तेव्हा तुमच्या रेडिओवरून का नाही विचारलं?" काका म्हणाले, "बाळ, तिकडून बोलायला कुणी हवं ना! लांबचा निरोप एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायचा असतो." मग त्यांनी अंदमानची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. त्यांचे रेडिओ तयार होते, म्हणून लोकांचे निरोप घरच्यांपर्यंत गेले.

म्हणजे संकट आल्यावर डबी उघडून चालत नाही. आधीच घासूनपुसून ठेवावी लागते.

परीक्षेला वयाची १२ वर्षे पुरी लागतात. मला अजून दोन वर्षे आहेत. आत्याचा मुलगा पण माझ्याएवढाच आहे. मी त्याला पत्र लिहिले आहे की, तू तिकडे अभ्यास कर, मी इकडे करते.

— इयत्ता ४ थी