वीस नंबरची इमारत

पॉल किपार्स्की यांच्या ‘पाणिनि अ‍ॅज अ व्हेरिएशनिस्ट’ या १९७९ सालच्या पुस्तकाला दोन प्रकाशक आहेत: पुणे विद्यापीठ आणि अमेरिकेतलं एमआयटी. संपादक एस. डी. जोशी. ही दोन नावं एका पानावर पाहून मी थबकलो. रडार आणि संगणकांसाठी ख्यात असलेल्या संस्थेचं पाणिनीच्या अष्टाध्यायीशी नातं कसं जुळलं? शोध घेता घेता एमआयटीतल्या एका लाकडी इमारतीपाशी पोचलो आणि तिथेच रेंगाळलो.

तिला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. वीस. १९४३ साली पोलाद युद्धाकडे वळलेलं, म्हणून रडारच्या संशोधनासाठी ही तीन मजली इमारत लाकडात घाईने उभी केली. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत पाडायची, या बोलीवर आगीसंबंधीच्या नियमांतून सूट मिळवलेली. ती पडली १९९८ साली.

रडारवाले १९४५ अखेर पांगले आणि खोल्या मोकळ्या झाल्या. मग ज्यांना दुसरीकडे कुठे थारा नव्हता, ते एकेक करून इथे आले. लांबलचक बोळ, दुतर्फा दारं, येताजाता शेजाऱ्याच्या कामात डोकावणं; चाळीतच असतो असा तो शेजार. उन्हाळ्यात उकडायचं, खिडक्या धड लागायच्या नाहीत. पण भिंतीला भोक पाडायला कुणाची परवानगी लागत नसे. जेरॉल्ड झकारियास यांना अणुघड्याळासाठी उंची हवी होती, तर त्यांनी मधले तक्तपोशीचे मजलेच फोडले. सिझियमचे अणू कारंज्यासारखे वर उडवायचे आणि खाली पडताना मोजायचे, असा बेत होता. कारंजं साधलं नाही, पण त्याच खटपटीतून बाजारात विकता येईल असं पहिलं अणुघड्याळ निघालं. माझ्या मते खरी प्रयोगशाळा तीच, जिथे जमिनीला कुदळ लावताना हात कचरत नाही.

विद्यार्थ्यांचा आगगाडीच्या छोट्या प्रतिकृतींचा क्लब इथेच होता. टेलिफोनच्या रिलेंवर त्यांनी रुळांचं अख्खं जाळं चालवलं, आणि त्यांतलीच काही मुलं पुढे रात्र रात्र संगणकापुढे बसू लागली. याच इमारतीत जेरोम लेटविन आणि त्यांच्या सोबत्यांनी बेडकाचा डोळा मेंदूला नेमकं काय कळवतो ते शोधलं.

आणि याच गर्दीत भाषेची माणसं. मॉरिस हाले १९५१ साली एमआयटीत आले, नोम चॉम्स्की १९५५ साली. चॉम्स्कींची नेमणूक यांत्रिक भाषांतराच्या प्रकल्पावर झाली होती. त्या प्रकल्पावर त्यांचा विश्वास नव्हता. तरी इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत व्याकरणाला जागा मिळाली, ती बहुधा तिथे कुणी जागेला फारसं मोल देत नव्हतं म्हणूनच. १९६५च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत चॉम्स्की पाणिनीचं नाव घेतात: त्याचं व्याकरण आपण म्हणतो तशाच उत्पादक व्याकरणाचा एक तुकडा म्हणून वाचता येतं. त्याच वर्षी किपार्स्की तिथून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले, आणि पुढे तिथेच शिकवू लागले.

आज त्या जागेवर फ्रँक गेरी यांचं, २००४ साली उघडलेलं, वाकड्या मनोऱ्यांचं स्टाटा सेंटर आहे. भाषाशास्त्राचा विभाग आता त्यात आहे. मला ती इमारत आवडत नाही. तिथे भिंतीत खिळा मारायचा तर आधी चार जणांना विचारावं लागेल, असं वाटतं.

मन मात्र पुण्यात परततं. सूत्र आखूड राहावं म्हणून पाणिनी एकदा सांगितलेला शब्द पुन्हा सांगत नाही. तो पुढच्या सूत्रात, मग त्याच्या पुढच्या सूत्रात, न लिहिता चालू राहतो. हीच अनुवृत्ती. काही शब्दांची मुदत कळावी म्हणून पाणिनीने स्वरिताची खूण ठेवली होती. पाठांतराच्या ओघात त्या खुणा गळून गेल्या. टीकाकारांनी परंपरेने सांगितलं तिथवर शब्द ओढत नेला, कधी गरज भासली तिथे आणखी पुढेही. किपार्स्कींच्या पुस्तकाचे संपादक जोशी आणि सरोजा भाटे यांनी ही गृहीतं बाजूला ठेवून सूत्रांच्याच बांधणीत नियम शोधला आणि १९८४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी दोघांचं आणखी एक पुस्तक आलं होतं, अष्टाध्यायीतल्या ‘च’ या एवढ्याशा अव्ययावर. सूत्रासूत्रातला एकेक ‘च’ उचलून तो मागचं काय सोबत आणतो ते तपासायचं, हे काम किती वर्षांच्या दुपारी खातं, त्याचा अंदाज मला नुसती अनुक्रमणिका चाळताना आला. त्यासाठी लागलं असेल एक टेबल, सूत्रपाठ आणि समोर बसून हुज्जत घालणारं माणूस.