षड्ज न सापडणारं गाणं

बीच बॉईज म्हटलं की बहुतेकांना समुद्र, सर्फिंग आणि वेगवान मोटारी आठवतात. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नचे ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तिघे विल्सन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी १९६१मध्ये सुरू केलेल्या या बँडची सुरुवातीची गाणी होतीही तशीच. मला मात्र त्यांच्या एकाच गाण्याने वर्षानुवर्षं धरून ठेवलं आहे: १९६६च्या मे महिन्यात आलेल्या ‘पेट साउंड्स’ या अल्बममधलं ‘गॉड ओन्ली नोज’. तीन मिनिटांपेक्षा लहान, कानाला अगदी सोपं. पेटीवर काढायला बसलं की कळतं, षड्ज कुठे धरायचा हाच प्रश्न आहे.

गोम बेसमध्ये आहे.

ई मेजर कॉर्डमध्ये ई, जी शार्प आणि बी हे स्वर येतात. आपल्या हिशोबाने सा, ग, प. पॉप गाण्यात बेस सहसा सा वाजवतो आणि वरच्या स्वरांना पाया देतो. इथे कॉर्ड ईचा असतानाही बेस कधी पंचमावर उभा असतो, कधी गंधारावर. कडवं तर ई मेजरमध्ये न बसणाऱ्या डी कॉर्डवरच सुरू होतं. त्यामुळे गाण्याची पट्टी ई मानायची की ए, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. मधल्या भागात सगळा डोलारा षड्जावरून मध्यमावर उचलला जातो आणि काही क्षणांत पुन्हा जागेवर येतो. तानपुऱ्यावर पोसलेला कान या सगळ्यात अधांतरी राहतो.

ही नुसती करामत नाही. चाल ब्रायनची; त्याच्याबरोबर शब्द लिहिणारा टोनी ॲशर जाहिरातींच्या व्यवसायातला. या प्रेमगीताचा नायक पहिल्याच ओळीत आपल्या प्रेमाच्या कायमपणाबद्दल शंका काढतो. अशा शब्दांखाली बेस ठामपणे षड्जावर बसला असता, तर ती शंका खोटी वाटली असती.

ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे. ‘पेट साउंड्स’ त्याने मोनोमध्येच मिसळला. फ्रेंच हॉर्न, अकॉर्डियन, घुंगरांसारख्या घंटा, तंतुवाद्यं, सारं एकाच प्रवाहात. १९९७च्या ‘द पेट साउंड्स सेशन्स’ या संचात प्रथमच पूर्ण स्टिरिओ मिश्रण आलं, शिवाय वाद्यं वेगळी आणि आवाज वेगळे ऐकायला मिळाले. नुसते आवाज हेडफोनवर ऐकताना मला शेवटच्या आवर्तनांची वीण उलगडली. एक आवाज ओळ उचलतो, ती संपण्याआधी दुसरा शिरतो, त्यात तिसरा. वरचा आणि खालचा आवाज ब्रायनचा, मधला बँडमध्ये नंतर आलेल्या ब्रूस जॉन्स्टनचा. मुख्य गायन कार्लचं. तो तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता, आणि त्याने एकही जागा उगाच घोळवलेली नाही.

हे गाणं पहिल्यांदा ऐकणार असाल तर आधी मूळ मोनो ऐका, शब्दांकडे लक्ष देऊन. मग वाद्यांचा ट्रॅक लावा आणि फक्त बेसच्या मागे जा. ब्रायन विल्सन जून २०२५मध्ये गेला; त्याच्या प्रतिभेचा पुरावा त्या बेसच्या ओळीत आहे.