पदरचे पांचशें डॉलर

आमच्या पिंप्राळ्यास परदेश आतां अपरिचित राहिलेला नाहीं. आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ गांवांतून निघतो, आणि त्याचीं छायाचित्रें त्याच दिवशीं अमेरिकेंतील व जर्मनींतील लेकरांच्या घरीं पोंचतात. जळगांव शहर वाढत वाढत आमच्या वेशीपर्यंत आलें आणि वेस गिळून पुढेंहि गेलें. असें असूनहि परदेशचें नाणें घरांत आणावयाचें म्हणजे काय काय करावें लागतें, हें आम्हांस यंदा वहिनींच्या निमित्तानें प्रथमच नीट कळलें.

वहिनी अमेरिकेस निघाल्या होत्या त्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठीं. बाळंतपण माहेरीं व्हावें ही आपली रीत. येथें माहेरच विमानांत बसून लेकीकडे चाललें होतें. जांवई मोठे सुशील. त्यांनीं कळविलें कीं, "येतांना पैसे मुळींच आणूं नका, येथें सर्व कांहीं आहे." तें वाचून दादांस समाधान वाटलें, वहिनींस मात्र तें मानवेना. त्या आम्हांस म्हणाल्या, "भावजी, चार महिने मी लेकीच्या घरचें अन्न खाणार, तें एक असो. पण नातवंडाच्या मुठींत ठेवायची नोटहि जांवयांकडूनच मागून घेऊं काय?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रेल्वेचा मार्ग ओलांडून आम्ही दोघे शहराच्या वाटेस लागलों.

प्रथम आम्ही एका बँकेच्या शाखेंत गेलों. तेथें डॉलर शिल्लक नव्हते. मागणी नोंदवावी, मुंबईहून मागवूं, दोन-तीन दिवस लागतील, असें उत्तर मिळालें. तेव्हां रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या एका चलनविक्रेत्याची पेढी गांठली. पारपत्र, प्रवेशपत्र, तिकीट आणि आयकराचें पॅन कार्ड हीं सर्व वहिनींच्या नांवाचीं लागलीं. एकत्र कुटुंबांतील वाचकांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, ही सवलत माणसागणिक आहे. हिंदु एकत्र कुटुंबास म्हणून ती मिळत नाहीं. सध्यां एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षांत अडीच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेतां येते. त्यांपैकीं रोख नोटा मात्र बहुतेक देशांच्या एका प्रवासास 3,000 डॉलरांपुरत्याच मिळतात, आणि बाकीची रक्कम कार्डावर अथवा बँकेमार्फत न्यावी लागते.

अडीच लक्ष हा आंकडा ऐकून आम्हांस आमच्या थोरल्या काकांची आठवण झाली. ते 1968 सालीं शिक्षणासाठीं गेले तेव्हां त्यांच्या खिशांत सरकारमान्य असे अवघे आठ डॉलर होते. 1966 च्या अवमूल्यनानें डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला होता. म्हणजे साठ रुपयांच्या बळावर हा गृहस्थ समुद्रापार उतरला! त्यापूर्वींच्या काळीं, 1899 च्या कायद्यानें पंधरा रुपयांस एक या भावाची सोन्याची गिन्नी आपल्याकडे चालत असे. ती कनवटीस लावली कीं विलायतेंतहि चाले. 1939 सालीं महायुद्धाबरोबर परकी चलनावर निर्बंध आले आणि युद्ध संपलें तरी ते गेले नाहींत. 1947 व 1973 च्या कायद्यांनीं ते अधिकच आवळले. 1991 सालीं तर देशासच तंगी आली आणि सुमारें 47 टन सोनें परदेशीं पाठवून त्याच्या तारणावर कर्ज घ्यावें लागलें. अडल्या वेळीं घरचा दागिना गहाण पडावा, तसेंच तें. पुढें 2000 सालापासून नवा कायदा अमलांत आला आणि 2004 सालीं व्यक्तीस प्रथम 25,000 डॉलरांची मोकळीक मिळाली.

पण पेढीवर खरी बाजी मारली ती वहिनींनीं. आम्ही फलकावरील आंकड्यांकडे पाहत असतां त्यांनीं विचारलें, "हा तुमचा विकायचा भाव झाला. उरलेले परत आणले तर मोडीचा भाव काय द्याल?" जळगांवच्या सराफ बाजारांत उभी हयात गेलेल्या बाईस घेण्याचा व मोडीचा भाव निराळा असतो हें कोणी शिकवावयास नको. विक्रेता हंसला आणि त्यानें दोन्ही भाव सांगितले. नोटांपेक्षां कार्डावरील डॉलर स्वस्त कां, हेंहि त्यानें समजाविलें : नोटा प्रत्यक्ष आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरावा लागतो, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत त्या तिजोरींत पडून राहतात. भावांत दोन रुपयांचा फरक असला तरी पांचशें डॉलरांस हजार रुपये होतात. म्हणून दोन-तीन ठिकाणीं विचारावें, आणि विमानतळावरील खिडकीवर विसंबूं नये, तेथें भाव बहुधा चढाच असतो. वर कर लागतो, पण तो अल्प. 45,000 रुपयांच्या व्यवहारास 81 रुपये.

50,000 रुपयांच्या आंतील रक्कम रोखीनें देतां येते. वहिनींनीं बटवा उघडला. ते भिशीचे पैसे होते. त्यांतून एक अंगठी करावयाची असें त्यांनीं दोन वर्षें योजिलें होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं आपला हात खिशाकडे नेला, तसें त्यांनीं नुसतें पाहिलें. आम्हीं तो परत घेतला.

नोटा घेतांना त्यांनीं तीन शंभराच्या मागितल्या आणि बाकीच्या वीस, दहा, पांच व एकाच्या. प्रत्येक नोट उजेडांत धरून पाहिली. पावती जपून ठेवावी, कारण परत आल्यावर उरलेलें चलन मोडतांना ती उपयोगीं पडते. 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा घरीं ठेवल्या तरी चालतात. त्यावरील रक्कम 180 दिवसांच्या आंत परत करावी लागते.

घरीं येतांच मुलांनीं गलका केला, कारण एकाची व शंभराची नोट एकाच आकाराची! वहिनींनीं त्या देवापुढें ठेवल्या, मग तीन लहान पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीवर मराठींत आंकडा घातला. विसाची एक कोरी नोट तेवढी कुंकवाचें बोट लावावयास काढली होती; नोटेवर डाग चालत नाहीं असें आम्हीं सांगितलें, तेव्हां कुंकूं त्यांनीं पाकिटास लावलें.

त्या निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीं, वाटेंत विमान बदलावयाचें होतें तेथून त्यांचा निरोप आला : "चहा घेतला. चार डॉलर पडले. अगदीं पाणचट होता."