पिवळं पाकीट, राखाडी पाकीट

७ जानेवारी २०१९, घोलवड
नवी वही. जुनी आशाच्या कामातल्या सर्व्हेच्या आकड्यांनी भरली. हिच्यात कुणाचं नाव लिहायचं नाही. घरात पोरं कुठलीही वही उघडतात.

९ जानेवारी
रात्री पुन्हा जमीन हलली. मांडणीवरची भांडी वाजली. नोव्हेंबरपासून हेच चाललंय. धुंदलवाडीकडे जास्त. इथेही निम्मा पाडा अंगणात झोपतो. थंडी मरणाची.

११ जानेवारी
अंगणवाडीत लसीकरण. प. नणंदेचं बाळ घेऊन आली. सगळ्या गेल्या तरी ही बसून. चटईची काडी ओढत होती. मग म्हणाली, "ताई, अंगावरून जातं."
कधीपासून? दिवाळीनंतर. पिवळट, वास येतो. ओटीपोटात दुखतं. चिकू निवडायला दिवसभर उकिडवं बसवत नाही. नवरा जवळ आला तेव्हाही दुखलं होतं. दुकानातून गोळ्या आणल्या, तीन-चार खाल्ल्या. कमी झालं, परत सुरू.
नवरा ओख्याच्या बोटीवर खलाशी. दिवाळीला आला, आठवडाभर राहिला, गेला.
"त्याला काही त्रास?"
"त्याला कसला त्रास? तो चांगला आहे."

१२ जानेवारी
दवाखान्यात जायचं म्हटलं की सासू विचारणार कशाला. रक्त कमी आहे, तपासायला नेते, असं सांगितलं. खोटं नाही. रक्त खरंच कमी आहे.

१५ जानेवारी
संक्रांत. प.च्या सासूने तिळगूळ दिला. हात धरून ओट्यावर बसवलं. "तीन वर्षं झाली लग्नाला. भगताकडे नेली, दोन कोंबड्या गेल्या. तुझ्या डॉक्टरला विचार, हिची कूस बंद आहे का."
लेकाचं काही तपासायचं असतं, हे तिच्या डोक्यात येतच नाही. आमच्या शिकलेल्या घरांत तरी कुठे येतं.

१७ जानेवारी
डहाणू, सरकारी दवाखाना. टमटममध्ये प. एक शब्द बोलली नाही.
पडद्याआड तपासताना उठून चालली होती. सिस्टरने हात धरला. डॉक्टर मॅडम सावकाश बोलल्या, आधी काय करणार ते सांगितलं, मग हात लावला. असं सगळीकडे होत नाही.
रक्त घेतलं: एचआयव्ही नाही, गर्मीची म्हणजे सिफिलिसची तपासणी निगेटिव्ह. लघवीची तपासणी, दिवस नाहीत.
औषधाचं पिवळं पाकीट मिळालं. चौदा दिवसांचं. आणि एक राखाडी, नवऱ्यासाठी.

१७ जानेवारी, रात्री
विसरायच्या आत लिहून ठेवते.
पाकिटं सात, रंग सात. राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. लक्षण कोणतं त्यावर रंग ठरतो. मी विचारलं, जंतू कोणता ते तपासून मग औषध का नाही? मॅडम म्हणाल्या, क्लॅमिडिया ओळखायला वेगळं मशीन लागतं, मोठ्या शहरात असतं. खेड्यातली बाई आज गेली की पुन्हा येईलच असं नाही. म्हणून लक्षण बघून त्याच दिवशी औषध. क्लॅमिडिया आणि परमा म्हणजे गनोरिया, दोन्हींवर एकदम.
पटलं. पण जिला लक्षणच नाही तिच्यासाठी कुठला रंग? क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. पुरुषांतही निम्म्यांना नाही. प. आली कारण तिला दुखलं. जिला दुखत नाही तिच्या नळ्या आतल्या आत खराब होत राहतात.

१८ जानेवारी
पिवळ्या पाकिटाचे नियम प.ला पुन्हा सांगितले. एक गोळी पहिल्याच दिवशी, ती झाली. बाकीच्या दोन जातीच्या, सकाळ-संध्याकाळ, जेवून. त्यातली डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन) गोळी भरपूर पाण्याबरोबर. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, घशाला जळजळतं. उन्हात डोक्यावर पदर, या गोळीने कातडी भाजते. ताडी बंद. गोळ्या संपून दोन दिवस होईपर्यंत बंद.
"ताडी पण?" हा तिचा एकमेव प्रश्न.

२१ जानेवारी
तिसऱ्या दिवशी बघायला सांगितलं होतं, एक दिवस उशीर झाला. ताप नाही. दुखणं कमी आहे म्हणते. कमी झालं नसतं तर लगेच परत न्यायचं होतं.

२३ जानेवारी
प.ने काल रात्रीच्या गोळ्या टाकल्या. तोंडाला लोखंडाची चव, मळमळ. शिवाय बरं वाटतंय, मग कशाला?
दुकानातल्या गोळ्यांच्या वेळी हेच झालं होतं, एवढंच म्हटलं. गप्प झाली. माझ्यासमोर घेतल्या.

२४ जानेवारी
नवं संकट. सगळे बाहेर एकाच ताडपत्रीखाली झोपतात. सासू, दीर, नणंद, पोरं. गोळी काढली की पाकीट खडखडतं, सगळे बघतात. शेवटी सासूला सांगितलं रक्ताच्या गोळ्या. आता सासूच आठवण करते. वेळेवर.

३१ जानेवारी
पिवळं संपलं. रिकामं पाकीट मी घेऊन आले, चुलीत घातलं.

१ फेब्रुवारी
दिवसभर धक्के. दुपारचा फार मोठा. हळदपाड्याला पळताना पडून दोन वर्षांची मुलगी गेली. काही सुचत नाही.

४ फेब्रुवारी
तंबू आले काही पाड्यांवर. शाळा झाडाखाली. गरोदर बायांची यादी पुन्हा करायची, कोण कुठे झोपते ते बघून. बाकी सगळं मागे पडलं.

८ फेब्रुवारी
भाची मुंबईहून आली. नोकरी अंधेरीला, शिकलेली, इंग्रजी फाडफाड. रात्री भांडी घासताना फोनवर रिपोर्ट दाखवला. क्लॅमिडिया, पॉझिटिव्ह. त्रास काहीच नव्हता. मैत्रिणीबरोबर सहज तपासणी केली.
नंतर रडली. "मावशी, मला कसं होईल हे?"
वाडीवरच्या बाईला होतं, अंधेरीच्या मुलीला होतं. जंतू जात बघत नाही, पगार बघत नाही. मी वेगळं काही सांगितलं नाही. गोळ्या पूर्ण कर, त्यालाही घ्यायला लाव, सात दिवस दोघांनी लांब राहा, तीन महिन्यांनी पुन्हा तपास. औषधाने जातो हा रोग. पण एकदा गेला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही.
त्याला अजून सांगितलेलं नाही तिने. प. आणि ही, दोघी इथेच अडल्यात.

१२ फेब्रुवारी
मासिक बैठक. बाहेरून आलेल्या डॉक्टरबाईंनी गडचिरोलीचं सांगितलं. डॉक्टर राणी बंग, अभय बंग. १९८९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. दोन गावं, ६५० बाया तपासल्या. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. बाया सोसतात, बोलत नाहीत, कारण कुणी विचारत नाही.
हॉलमध्ये सगळ्या एकदम शांत. मग मागून एक म्हणाली, "आपली तरी कुठे झालीय?" हसलो. खरं आहे.

१३ फेब्रुवारी
बैठकीतलं टिपलेलं, जवळ ठेवायचं.
क्लॅमिडिया: संबंधातून. एकाच ताटात जेवून नाही, संडासातून नाही, डासाने नाही.
उपचार नाही केला तर बाईच्या गर्भनळ्यांना सूज, मग नळ्या बंद. गर्भ नळीतच अडकू शकतो, जिवावर बेततं.
बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत जातो, डोळे येतात. छातीतही जातो. आजीच्या डोळ्यांत खुपऱ्या होत्या, तो याच जंतूचा भाऊबंद.
गरोदर बाईला डॉक्सी नाही, दुसरी गोळी आहे.
निरोध प्रत्येक वेळी. 'बहुतेक वेळा' चालत नाही.

१५ फेब्रुवारी
पाड्यावर पुरुषांसमोर निरोधाचं बोलले. तीन निरोध, एक रुपया, घरपोच. एक वडीलधारे उठले. "ताई, बायामाणसाने असलं बोलू नये."
आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी संध्याकाळी म्हणाले, र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. तुला नुसतं बोलणंच ऐकावं लागलं. हा दिलासा म्हणायचा का?

१९ फेब्रुवारी
प.चा प्रश्न: "तो चांगला आहे तर त्याने गोळी कशाला घ्यायची?"
सांगितलं. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. त्याच्यात असेल तर होळीला येईल, तुला परत देऊन जाईल. तुझ्या चौदा दिवसांच्या गोळ्या वाया.
"मग तो म्हणेल, तूच कुठेतरी गेलीस."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दवाखान्यातल्या समुपदेशक ताई म्हणतात, कुणाकडून आलं हे उकरायचं नाही. कधी आलं तेही नेमकं कळत नाही, महिनोन्महिने अंगात गप्प राहतो. बरोबरच आहे. पण घरात पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो बाईलाच विचारतात.

२२ फेब्रुवारी
समुपदेशक ताईंना फोन. नवरा गुजरातेत असेल तर? तिथल्या सरकारी दवाखान्यातही हीच पाकिटं मिळतात. देशभर तेच रंग. वेरावळ, पोरबंदर, कुठेही. पण बोट एकदा गेली की पंधरा-वीस दिवस किनारा नाही, आणि किनाऱ्याला लागली की खलाशी आधी झोपतो.

२७ फेब्रुवारी
टीव्हीवर पाकिस्तान, विमानं. पाड्यावर बोटीवाल्यांच्या घरी कुणी जेवलं नाही. आपली माणसं तिकडे धरली जातात, वर्षावर्ष तुरुंगात राहतात. प.चा नवऱ्याला फोन लागत नाही. ती म्हणते, गोळीचं जाऊ दे, माणूस येऊ दे.

१ मार्च
सकाळी मोठा धक्का. सगळे बाहेर. प. धावत आली ती हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि राखाडी पाकीट.

२ मार्च
नवऱ्याचा फोन आला तिला. होळीला येतो म्हणाला.

९ मार्च
भाचीचा मेसेज. त्याला सांगितलं. भांडला, दोन दिवस बोलला नाही, मग गोळ्या घेतल्या. पुढचं बघू, म्हणते. लग्नाचं विचारलं नाही मी.

१८ मार्च
खलाशी यायला लागले. घोलवड स्टेशनवर सकाळच्या गाडीला पिशव्या, नवे कपडे, पोरांना खेळणी. प.चा नवराही आला. पोरगेला दिसतो. उन्हाने काळा पडलाय. हाताला जाळ्याच्या दोरीचे घट्टे.

१९ मार्च
प.ने काल काय केलं? "भूकंपाची भीती वाटते" म्हणून सासूच्या तंबूत, सासूला चिकटून झोपली. सासू खूश. नवरा ओट्यावर.
मला हसू आवरेना. तीही हसली. पहिल्यांदा पाहिली हसताना.

२० मार्च
होळी. रात्रभर तारपा. आज पाकिटाचं काही होणार नाही.

२२ मार्च
प. नवऱ्याला घेऊन माझ्या अंगणात आली. काल धुळवडीच्या रात्री तिनेच त्याला सांगितलं. मला पोटाचा रोग झाला होता, औषध झालं, तुझं राहिलंय, तू घेतल्याशिवाय मूल राहायचं नाही. एवढंच. मुलाचं निघालं म्हणून ऐकलं असावं.
मला म्हणाला, "मला काही होत नाही." म्हटलं, बऱ्याच जणांना होत नाही.
"लघवीला कधी जळजळ?" जमिनीकडे बघितलं. "मागे एकदा. गेल्या पावसात. आपोआप गेली."
जळजळ गेली म्हणजे जंतू गेला असं नसतं, हे सांगितलं. कुठे, कुणाबरोबर, विचारलं नाही. बोटीवर आणखी सात जण, त्यांनाही असं होतं का, ते मात्र विचारलं. "असतं की." मालकाचा माणूस कुठलीतरी गोळी आणून देतो, सगळे एकेक खातात.
मग विचारतो, दारू चालेल? या गोळ्यांना तसं वावडं नाही. पण पिऊन उलटी झाली आणि गोळी बाहेर पडली तर फुकट. आज पिऊ नकोस.
राखाडी पाकीट फोडलं. सगळ्या गोळ्या एकदम, एकाच वेळी. तांब्याभर पाणी. दहा मिनिटंही लागली नाहीत. जानेवारीपासून हे पाकीट तसंच पडून होतं.
रक्ताच्या तपासणीला सोमवारी डहाणूला यायला कबूल.

२५ मार्च
आला. एचआयव्ही नाही, गर्मी नाही.

२७ मार्च
गेला बोटीवर. सात दिवस लांब राहायचं होतं, पाचव्या दिवशी बोटच लांब घेऊन गेली. जाताना तीन रुपये देऊन नऊ निरोध घेतले. सासूच्या समोर. सासूला वाटलं मी कसलीतरी पावती दिली.

४ एप्रिल
प.ला डहाणूला तपासलं. दुखत नाही, सूज नाही. मूल राहील का, तिने स्वतः विचारलं. मॅडमनी थाप मारली नाही. जंतू गेला, नळ्यांना आधीच किती इजा झाली ते आज सांगता येत नाही. वर्षभर वाट बघा, नाही तर दोघांची पुढची तपासणी. दोघांची.
परतताना डहाणू बाजारात तिने वडापाव घेऊन दिला. पैसे देऊ दिले नाहीत.

१६ एप्रिल
कराचीहून सोडलेले मच्छीमार टप्प्याटप्प्याने येतायत म्हणे. पाड्यावर दोन घरी वाट बघणं चालू आहे.

२९ एप्रिल
मतदान. रांगेत एक बाई पाठीमागून हळूच म्हणाली, "ताई, प.ला दिलंत ते औषध मला पण पाहिजे." प.ने सांगितलं तर. औषध तेच असेलच असं नाही, आधी तपासणी, असं म्हटलं. गुरुवारी नेते.

३ मे
पाड्यावर आता तिघी झाल्या. तिघींचे नवरे बोटीवर. एकीला हिरवं पाकीट मिळालं, तिचा रोग वेगळा निघाला. म्हणून दुसरीच्या गोळ्या खायच्या नाहीत.

१० मे
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सगळे खलाशी दोन महिने घरी. पुरुषांना एवढे दिवस एकत्र गाठायची वर्षातली ही एकच वेळ. सिस्टरला आजच सांगितलं, राखाडी पाकिटं जास्त मागवा, बोटी लागायच्या आधी आली पाहिजेत. पावसाळ्यात मागणी टाकून उपयोग नाही.