रसेलने सोडलेला सामना

नातू बास्केटबॉल खेळतो. त्याच्याकडून मला बिल रसेल कळला. जन्म 1934, लुइझियाना. बोस्टन सेल्टिक्सकडून 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं. 1966 मध्ये एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकही तोच. माझं मन मात्र 1961 पाशी अडकलं. केंटकीतल्या लेक्सिंग्टनला हॉटेलात त्याच्या कृष्णवर्णीय सोबत्यांना खायला नाकारलं. रसेल आणि ते सगळे सामना न खेळताच विमानाने परतले.

आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर आमच्या कपबशा वेगळ्या असत. मी चहा पिऊन निमूट धुऊन ठेवायचो.

"आजोबा, तुम्ही का नाही निघून आलात?"

"आमचं विमान कुठलं रे बाळा! पण एक दिवस माझ्या बापाने ती कपबशी तिथेच फोडली. त्याच रात्री आम्ही मुंबईची गाडी धरली."