निवाले मोजताना

कुणाचे निवाले मोजणं आपल्याकडे कोतेपणाचं समजलं जातं. पाहुणा दस्तरखानावर बसला की त्याच्या ताटात वाढत राहायचं, मोजायचं नाही. त्यामुळे घरात कॅलरी मोजायचं ॲप आलं तेव्हा अम्मीची पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच होती. "घर में निवाले गिनते क्या बेटा?"

कारण अम्मीच होती. वर्षभर तिचं वजन वाढत होतं आणि थकवाही. साखर, थायरॉईड सगळं तपासून झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर जे पोटात जातं ते लिहा. अम्मी म्हणे, "मी खाते तरी काय?" आम्हालाही तसंच वाटायचं.

ही ॲपं खाण्यातली ऊर्जा किलोकॅलरीत सांगतात. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो. हिशोब साधा आहे. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनांत सुमारे 4, एक ग्रॅम तेल-तुपात 9. आपल्या धान्याचे, डाळींचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तपासून ठेवलेत. 2017 च्या तक्त्यांत पाचशेहून जास्त पदार्थ आहेत. पण तक्त्यात ज्वारी आहे, तूरडाळ आहे. आमच्या घरचा दालचा कुठून असणार? ॲपमध्ये 'चहा' लिहिलं की एका ओळीत 30 कॅलरी, दुसरीत 100. कुणाचा चहा, किती दुधाचा, ते कुठेच नाही.

म्हणून आम्ही पातेल्यापासून सुरुवात केली. दालचा चढवताना डाळ, गोश्त, तेल वजनकाट्यावर ठेवायचं आणि शेवटी वाट्यांनी भागायचं. तेल 100 ग्रॅम निघालं. म्हणजे नुसत्या फोडणीच्या 900 कॅलरी, सहा माणसांत प्रत्येकी 150.

चहाचंही तसंच मोजलं. म्हशीचं अर्धा कप नव्हे, जेमतेम 50 मिली दूध आणि दोन चमचे साखर. एका कपाच्या नव्वदेक कॅलरी झाल्या. शेजारीण आली की चहा, सून माहेराहून आली की चहा, कुणी मयतीचं सांगायला आलं तरी चहा. पाहुण्याला एकट्याने प्यायला लावायचं नाही म्हणून अम्मीचाही एक कप. दिवसाला सहा. साडेपाचशे कॅलरी आणि 60 ग्रॅम साखर! दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्यालासुद्धा जागतिक आरोग्य संघटना वरची साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

आठवडा संपला तेव्हा अम्मीची रोजची बेरीज साडेसोळाशेच्या आसपास आली. आकडा पाहून कुणीही म्हणेल, ठीक आहे. पण खालची यादी वाचली तेव्हा घरात सगळे गप्प झाले. एकतृतीयांश ऊर्जा चहातून. बाकी खारी, दोन भाकऱ्या, भात आणि पातेल्याच्या तळाचं सालन, ज्यात बटाटा उरलेला असतो, बोटी नाही. सगळे जेवल्यावर ती बसते, तोवर गोश्त संपलेलं असतं. प्रथिनं 35 ग्रॅमच्याही आत. 55 किलोच्या बाईला दिवसाला 46 ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि अम्मीचं वजन त्याहून जास्त आहे.

पोट भरत होतं, वजन वाढत होतं, पण अंगाला लागेल असं ताटात फारसं काही नव्हतं. "मी खाते तरी काय?" हे तिचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं होतं.

चहा तोडायचा विषय कुणी काढला नाही; आल्यागेल्याला चहा नाकारणं अम्मीला जमणारं नाही. कपात एक चमचा साखर कमी झाली. सहा कपांच्या मिळून 120 कॅलरी वाचल्या. त्या जागी सकाळी एक उकडलेलं अंडं, 70-75 कॅलरींचं, 6 ग्रॅम प्रथिनांचं. आणि सालन वाढण्याआधी तिची वाटी बोटीसकट बाजूला निघते. सुरुवातीला ती वाटी ती गुपचूप नातवाच्या ताटात ओतायची. आता ताटं एकदमच वाढली जातात आणि भाकऱ्या करायला दुसरं कुणीतरी उठतं.

थकवा लगेच गेला असं नाही. डॉक्टरांकडे जाणं चालू आहे; हिमोग्लोबिनची गोळीही सुरू झाली. ॲप दवा नाही.

दुसऱ्याचे निवाले मोजू नयेत, ही शिकवण मला आजही पटते. ती पाहुण्याची इज्जत राखण्यासाठी आहे. पण वाढणारीच्या वाट्याला काय उरलं, ते कुणीतरी पाहायला हवं. तुमच्या फोनमध्ये असं ॲप असेल तर स्वतःचं वजन उतरवण्याआधी, घरात जी शेवटी जेवते तिचं खाणं तीन दिवस लिहून पाहा. चहासकट.